ग्रहणाचा चष्मा की सुईचं भोक?

2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. बहिणीनं आत्ताच विचारलंय, मुलांसाठी चष्मे मागवू की पुठ्ठ्याला भोक पाडू?

खर्च म्हणाल तर चष्मा थोड्या पैशांत मिळतो, भोक फुकट.

खरा प्रश्न सुरक्षिततेचा. रेटिनाला, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याला, वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होताना पत्ताच लागत नाही. चष्म्यावर आयएसओ 12312-2 (सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं असलं तरी छापणं सोपं असतं. म्हणून घरात घालून बघा: साधा बल्ब, खिडकी, काही म्हणता काही दिसता कामा नये. ओरखडा किंवा भोक असेल तर सरळ कचऱ्यात. चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावणं तर मुळीच नको. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच हे आपले जुने जुगाडही बाद.

भोकाच्या पद्धतीत सूर्याकडे पाठ करून, पुठ्ठ्याच्या भोकातून कागदावर पडलेली सूर्याची प्रतिमा बघायची असते; धोका जवळजवळ नाही. फक्त त्या भोकातून सूर्याकडे बघायचं नाही; मुलं नेमकं तेच करतात! प्रतिमा मात्र चिमुकली: पुठ्ठा आणि कागद यांत 1 मीटर अंतर ठेवलं तर जेमतेम 9 मिलिमीटर. त्यापेक्षा स्वयंपाकघरातली चाळणी धरा, जमिनीवर ग्रहण लागलेले शेकडो चिमुकले सूर्य.

पाच-सहा वर्षांच्या पोरांचा घोळका असेल तर चाळणीच. सांगितलेलं ऐकणाऱ्या मोठ्या मुलांना, प्रत्यक्ष सूर्यच बघायचा असेल त्यांना, तपासलेला चष्मा. ऑगस्टातले ढग आले, तर दोन्ही आवरून ठेवा.