अद्भुतकथा की विज्ञानकथा : वर्गात आधी काय वाचावं?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते, वेळापत्रक लागतं आणि अवांतर वाचनाला आठवड्यातून जेमतेम एक तास मिळतो. त्या तासाला मुलांना अद्भुतकथा वाचून दाखवाव्यात की विज्ञानकथा? शिक्षकांच्या खोलीत यावर हमखास दोन तट पडतात. एकाला वेताळ-राक्षस म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी वाटतं, तर विज्ञानकथा मुलांच्या डोक्यावरून जाईल अशी दुसऱ्याला धास्ती. परळच्या मराठी शाळेत मी दोन्ही वाचते. माझं मत ठाम आहे : पावसाळ्यात अद्भुतकथा, दिवाळीनंतर विज्ञानकथा.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. जुलैत लोकल बंद पडल्या की अर्धा वर्ग गैरहजर. अशा दिवसांत चार-पाच आठवडे चालणारी विज्ञान कादंबरी हाती घेतली तर धागा तुटतो आणि मुलांचा रस जातो. वेताळाची गोष्ट मात्र एका तासात सुरू होऊन संपते. मागच्या वेळी घरी राहिलेलं मूलही आज पहिल्या वाक्यापासून गोष्टीत असतं.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. दोन्ही प्रकार मुलांना बोलतं करतात, पण वाद वेगळ्या गोष्टींवर होतो. वेताळपंचविशीतली चार भावांची गोष्ट घ्या. एक हाड सापडतं. एक भाऊ त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा अवयव पुरे करतो, चौथा प्राण फुंकतो. उठतो तो सिंह, आणि चौघांनाही खातो. दोष कुणाचा जास्त? इथे मी पुस्तक मिटते, विक्रमाचं उत्तर वाचतच नाही. "बाई, सुरुवात तर पहिल्यानेच केली!" "पण तेव्हा तो सिंह आहे हे कुठे कळत होतं?" हा दुसरा आवाज बहुतेक वेळा एरवी गप्प बसणाऱ्या मुलाचा असतो, आणि त्याने राजाचाच युक्तिवाद केलेला असतो : समोर सिंह दिसत असताना प्राण घालणारा खरा दोषी. न्याय-अन्यायावर इतकं मोकळं बोलणं पाठ्यपुस्तकाच्या धड्यावर होताना मी पाहिलेलं नाही.

विज्ञानकथेतला वाद कार्यकारणाचा. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने 1865 च्या कादंबरीत तीन माणसांना फ्लॉरिडातून नऊशे फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे धाडलं. 1969 मध्ये माणसाला चंद्रावर नेणारं अपोलो 11 सुद्धा फ्लॉरिडातूनच सुटलं, हे ऐकून वर्ग हरखतो. मग विचारायचं, ती तीन माणसं जिवंत राहतील का? आपली मुलं रोज लोकलच्या दाराशी उभी असतात, गाडी सुटतानाचा झटका त्यांना कुणी समजावावा लागत नाही. तोफेच्या त्या लांबीत चंद्राकडे जाण्याइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेग गाठायचा, तर तो झटका गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहूनही मोठा. माणसं चिरडली जातील. रॉकेट वेग मिनिटांमध्ये वाढवतं, म्हणून अंतराळवीर वाचतात. सातवीची मुलं हे स्वतः शोधून काढतात. पाचवीत मात्र समजावण्यातच तास संपतो आणि गोष्ट बाजूला राहते.

अंधश्रद्धेची भीती मला चुकीच्या जागी वाटते. वेताळ गोष्टीतला आहे हे दहा वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. विज्ञानकथेतली चूक मात्र खरी समजून डोक्यात बसते. कृष्णविवर, म्हणजे प्रकाशही निसटू शकणार नाही इतक्या जबर गुरुत्वाकर्षणाची वस्तू, आजूबाजूचं सगळं गिळतं, असं मुलं छातीठोकपणे सांगतात. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं तर पृथ्वी त्याच कक्षेत फिरत राहील. काळोख आणि थंडी होईल ती गोष्ट वेगळी. म्हणून विज्ञानकथा वाचताना "यातलं खरं किती?" हा प्रश्न शिक्षकाने स्वतः मांडायलाच हवा. त्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. ती जमणार नसेल तर त्या वर्षी अद्भुतकथाच वाचा.

मराठीत साहित्याची वाण नाही. व्हर्न भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत आणला. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तेव्हा ते मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते. मुलांना हा किस्सा फार आवडतो. परिषदेचं विज्ञान भवन आजही चुनाभट्टीला आहे. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि त्यांत दोन्ही प्रकारच्या कथा सापडतात.

वर्षभरात एकच प्रकार जमणार असेल, तर पाचवी-सहावीला अद्भुतकथा, सातवीपासून विज्ञानकथा. वरळीच्या तारांगणाची सहल विज्ञानकथा निम्मी झाल्यावर काढा. तोवर मुलांकडे विचारायला स्वतःचे प्रश्न जमलेले असतात.