हिमयुग आणि समुद्री जीवांचा डीएनए: ऑनलाइन कोर्स केला, साडेतीन स्टार

कोर्स संपून आठवडा झाला तरी तो ऑक्टोपस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. विषय ऐकूनच झोप यावी असा, की हिमयुगांनी समुद्रातल्या बिनकण्याच्या जीवांच्या जीन्समध्ये काय उलथापालथ केली. पण सुरुवात एकदम झकास, साधारण 21,000 वर्षांपूर्वी एवढं पाणी बर्फ होऊन जमिनीवर बसलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटर किंवा जास्तच खाली होता, म्हणजे आजचा किनारा पार कोरडा, मग खडकाला चिकटून जगणाऱ्यांनी जायचं कुठे?

दुसरा भाग उत्तर अटलांटिकचा. अमेरिकेच्या बाजूला बर्फ खाली सरकत आला आणि त्याच्या दक्षिणेला बहुतेक वाळूच, खडक नाहीत. ऍस्टेरियास रुबेन्स नावाचा तारामासा बर्फ वितळल्यावर युरोपातून तिकडे जाऊन वसला असं डीएनए सांगतो, कारण युरोपात व्हरायटी जास्त आणि अमेरिकेत त्यातलेच मोजके नमुने. सगळ्यांचं असं झालं नाही हं, काही जण दोन्हीकडे तग धरून राहिले. हॅप्लोटाइप नेटवर्क म्हणजे काय तेही इथेच कळलं, हॅप्लोटाइप म्हणजे डीएनएचा एकेक नमुना आणि नेटवर्क म्हणजे त्यांच्या नात्याचा नकाशा, नमुना जितक्या जास्त जीवांत तितका त्याचा गोल मोठा. मधे एक मोठा गोल आणि भोवती बारीक बारीक गोल दिसले की समजायचं मूठभर जीवांपासून गर्दी झपाट्याने वाढलीये. (सबटायटलमध्ये मात्र प्रत्येक वेळी ‘हॅपी टाइप’. वैताग.)

तिसरा भाग म्हणजे पैसा वसूल! अंटार्क्टिकात समुद्रतळाशी राहणारा टर्केट्स ऑक्टोपस, शास्त्रीय नाव पॅरेलेडोन टर्क्वेटी. वेडेल समुद्र आणि रॉस समुद्र यांच्या मधे आज बर्फाची भलीमोठी चादर आहे, तरी दोन्हीकडच्या ऑक्टोपसांच्या जीन्समध्ये जुन्या सरमिसळीच्या खुणा सापडल्या. म्हणजे मागे कधीतरी मधून रस्ता मोकळा होता, साधारण 1,25,000 वर्षांपूर्वीच्या उबदार काळात पश्चिम अंटार्क्टिकाची चादर कोसळली होती. हे 2023 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं, आणि बरेचसे नमुने म्युझियममध्ये ठेवलेले जुने होते! बर्फाचा इतिहास ऑक्टोपसला विचारायचा हे मला कधी सुचलंच नसतं.

आता तक्रार. शेवटच्या भागात मॉलिक्युलर क्लॉक, म्हणजे डीएनएत साठत गेलेल्या बदलांवरून काळ मोजायची पद्धत, असं शिकवलंय जणू भिंतीवरचं घड्याळ. पनामाची चिंचोळी जमीन साधारण 30 लाख वर्षांपूर्वी जोडली गेली आणि दोन्हीकडचे समुद्री जीव वेगळे पडले, तेव्हापासून त्यांच्या डीएनएत किती फरक पडला त्यावरून बदलाचा वेग काढायचा आणि तोच वेग काही हजार वर्षांच्या घटनांना लावायचा, पण अलीकडच्या काळात मोजला तर बदलाचा वेग जास्त येतो. म्हणून जीवांची गर्दी कधी वाढली त्याची तारीख फार जुनी निघते, आणि जो पसारा बर्फ वितळल्यावर झाला तो हिमयुगाच्या ऐन भरात किंवा त्याच्याही आधी झाला असं वाटायला लागतं. याबद्दल अर्धं मिनिट तरी द्यायचं ना राव, नाहीतर नवखा माणूस स्लाइडवरचा आकडा खरा धरून बसतो. प्रश्न टाकला तर उत्तराच्या जागी ‘थँक यू फॉर युअर फीडबॅक’.

करायचाच असेल तर तिसरा भाग दोनदा बघा, शेवटचा दीडच्या स्पीडवर पळवा. सर्टिफिकेट अजून आलेलं नाही.