मॉलिक्युलर बायोलॉजीच्या फ्लिप्ड वर्गात प्लिकर्स कार्डं: चालतात, पण प्रश्न चांगले हवेत

व्हिडिओ घरी बघायचा आणि वर्गात प्रश्न सोडवायचे, ही फ्लिप्ड क्लासरूमची पद्धत मॉलिक्युलर बायोलॉजीला चांगली लागू पडते. अडचण येते ती वर्गातल्या त्या तासाभरात. साठ जणांपैकी कोणाला काय समजलं, हे शिक्षकाला लगेच कळायला हवं. मोबाईलवरच्या क्विझला प्रत्येकाकडे फोन आणि डेटा लागतो. मोहोळ-अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या मुलांचा वर्ग असेल तर या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. प्लिकर्स या ॲपमध्ये मुलांच्या हातात फक्त छापील कार्ड असतं आणि फोन एकट्या शिक्षकाचा. सोलापुरातल्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या वर्गांसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण.

कार्डं संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापता येतात. साधा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. प्रत्येक कार्डावरचा काळा आकार वेगळा असतो आणि त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक रोल नंबरला जोडायचा. कार्डाच्या चार कडांवर ए, बी, सी, डी. निवडलेलं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरलं की फोनच्या कॅमेऱ्याला उत्तर कळतं. अक्षरं बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देणं अवघड जातं.

छपाईत कंजुषी करू नका. साध्या झेरॉक्स कागदावरची कार्डं मार्चपासून फुल्ल स्पीडवर फिरणाऱ्या पंख्याखाली वाकतात आणि वाकलेलं कार्ड स्कॅन होत नाही. जाड कार्डशीट घ्या. चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटची चमक पडून आकार वाचला जात नाही. मॅट चालतं. काळ्या भागावर बोट आलं तरी उत्तर हुकतं, म्हणून कार्ड कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवा. स्कॅन करताना खिडकीकडे पाठ करून उभं राहा. मुलांच्या मागून ऊन येत असेल तर कार्डं कॅमेऱ्यात काळवंडतात. खोल वर्गात मागच्या बाकांसाठी मधल्या वाटेनं थोडं आत जावं लागतं.

प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. प्रश्न फळ्यावर लिहा, उत्तरांची विभागणी फोनवर दिसते. प्रोजेक्टर असेल तर एक पथ्य पाळाच: दुसऱ्यांदा मत घेईपर्यंत आलेख पडद्यावर दाखवू नका. उंच दांडा दिसला की चर्चा संपते, सगळे तिकडे वळतात.

दोनदा मत घेण्याची ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवली. आधी एक मिनिट एकट्यानं विचार, मग मत. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर तीन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे जा. एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटं धरली तर तासात चार प्रश्न नीट होतात. पाचवा कोंबायचा मोह आवरा. मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात, पण तेवढ्यावर भागतं. चर्चा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत होऊ द्या. प्रश्न मात्र परीक्षेच्या इंग्रजीतच ठेवा.

खरी मेहनत पर्यायांची आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायातून एक वेगळी चूक उघडी पडली पाहिजे. प्रायमरचं, म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या धाग्याचं उदाहरण घ्या. टार्गेटच्या (ज्या डीएनए तुकड्याची नक्कल हवी त्याच्या) वरच्या धाग्याचं ३ प्राइम टोक टीटीएजीसीए असं संपतं, तर रिव्हर्स प्रायमर कोणता? ५ प्राइम आणि ३ प्राइम ही धाग्याची दोन टोकं; सगळे पर्याय ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे लिहिलेले. टीटीएजीसीए निवडणाऱ्यानं नुसती नक्कल केली. एएटीसीजीटी निवडणाऱ्यानं पूरक बेस घेतले (एसमोर टी, जीसमोर सी), पण दिशा उलटवली नाही. एसीजीएटीटी निवडणाऱ्यानं दिशा उलटवली, पूरक घेतलेच नाहीत. बरोबर उत्तर टीजीसीटीएए. खरा प्रायमर १८ ते २५ बेसचा असतो, पण वर्गात सहा पुरतात. इथे स्कॅन होताच कोणत्या रोल नंबरची नेमकी काय गफलत आहे ते कळतं. तोंडी विचारून हे कळत नाही, कारण हात वर करणारे नेहमीचे चारजणच असतात.

पीसीआरवर, म्हणजे डीएनएचा तुकडा चक्रागणिक दुप्पट करण्याच्या पद्धतीवर विचारायचंच तर नेमक्या टार्गेटच्या लांबीचा दुहेरी डीएनए पहिल्यांदा कितव्या चक्रानंतर मिळतो, हे विचारा. उत्तर तिसऱ्या: एका रेणूपासून सुरुवात केली तर आठपैकी दोन. बरीच मुलं पहिलं चक्र म्हणतात, कारण पहिल्या चक्रात नवा धागा टार्गेटच्या पुढच्या हद्दीपलीकडे वाढत जातो हे ॲनिमेशन बघताना निसटतं. चर्चेत कागदावर धागे काढायला लावा. नुसत्या बोलण्यानं हे सुटत नाही.

उणिवा आहेत. पर्याय चारच, त्यामुळे आकडेमोडीचं किंवा लिहून द्यायचं उत्तर घेता येत नाही. ५ प्राइमसारख्या खुणा, जेलचं चित्र किंवा लॅक ओपेरॉनच्या (जिवाणूतल्या लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकगटाच्या) आंशिक द्विगुणितांवरचे, म्हणजे काही जनुकांच्या दोन प्रती असलेल्या जिवाणूंवरचे प्रश्न टाइप करण्यापेक्षा प्रतिमा करून टाकणं बरं.

व्हिडिओ न बघता येणाऱ्यांवर कार्ड हा इलाज नाही. व्हिडिओ आठ-दहा मिनिटांचा, एकाच मुद्द्याचा, कमी रिझोल्यूशनचा ठेवा आणि उतरवून घेता येईल असा पाठवा. तासाचा पहिला प्रश्न असा विचारा की व्हिडिओ पाहिलेल्याला अर्ध्या मिनिटात यावा. अंतर्गत गुण द्यायचेच तर सहभागाला द्या, अचूकतेला नको. अचूकतेला गुण ठेवले की मुलं चर्चा करण्याऐवजी हुशार मुलाचं उत्तर उचलतात आणि दुसऱ्या मताला अर्थ उरत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात हजेरी घसरते, तेव्हा नवा व्हिडिओ न देता जुनेच प्रश्न पुन्हा घ्या.

४० ते ६० मुलांच्या वर्गाला हे साधन नि:शंक घ्यावं. ६३ च्या वर संख्या गेली तर दोघांत एक कार्ड देता येतं, पण मग एकट्यानं विचार करण्याची पहिली पायरी बुडते. अशा वेळी वर्गाच्या दोन तुकड्या कराव्यात.