पानिपतावरची पुस्तकं : आठ महिने हाताशी ठेवल्यावर

त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१', विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी, नाना फडणवीसांचं आत्मचरित्र, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊंवरची 'भाऊसाहेबांची बखर' आणि राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड. ही पाच पुस्तकं आठ महिने शेजारी शेजारी ठेवून वापरल्यानंतरचा हा अभिप्राय. एकेकटं वाचलं तर यातलं प्रत्येक पुस्तक पटतं. समोरासमोर ठेवली की कोण कुठे भक्कम आहे आणि कोण कुठे वाहवत गेलंय, ते दिसायला लागतं.

कादंबरी १९८८ ची, आणि बहुतेक मराठी वाचकांचं पानिपत तिथूनच सुरू होतं. त्यात काही गैर नाही. छावणीतली उपासमार, बाजारबुणग्यांचं ओझं, यमुनेकाठची थंडी हे सगळं ती अंगावर आणते. फक्त एक पथ्य पाळावं. अवतरणचिन्हातलं बोलणं आणि पात्रांच्या मनातले विचार कादंबरीकाराचे आहेत, ते पुरावा म्हणून कुठेही चिकटवू नयेत. दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचं 'बचेंगे तो और भी लढेंगे' हे वाक्यसुद्धा बखरीच्या वाटेनं आपल्यापर्यंत आलंय. त्याचा मान मोठाच आहे, पण पत्राचं वजन त्याला देता येत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नकाशाचा, आणि लोकप्रिय पुस्तकांची सगळ्यात मोठी लंगडी बाजूही हीच. सरळ हिशेबानं वाटतं की मराठे दक्षिणेतून गेले, अब्दाली उत्तरेतून आला, म्हणजे लढाईत मराठ्यांचं तोंड उत्तरेला असणार. प्रत्यक्षात उलटं झालं. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊसाहेबांनी कर्नाळजवळचं कुंजपुरा घेतलं. ते पानिपतच्याही उत्तरेला आहे. सैन्य तिकडे असताना ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये बसला. म्हणून लढाईच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला, मराठ्यांचं तोंड दक्षिणेला, दिल्लीकडे होतं. परतीची वाटच बंद झाल्यामुळे ती लढाई टाळता येण्यासारखी राहिली नव्हती. साध्या कागदावर वरून खाली कुंजपुरा, पानिपत, बागपत, दिल्ली अशी चार टिंबं काढून उजव्या हाताला यमुनेची रेघ ओढा, बागपत तेवढं रेघेच्या पलीकडे ठेवा. मग इब्राहिमखान गारदी डाव्या बगलेला होता म्हणजे पूर्वेला, नदीच्या बाजूला होता, हे लगेच कळतं. होळकर आणि शिंदे उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला. हा कागद नसेल तर शेजवलकरांची लढाईच्या दिवसाची पानं दोनदा वाचूनही डोक्यात बसत नाहीत.

तारखांचं तसंच. पत्रांच्या खंडात शके आणि शुहूर सन (मराठी दप्तरातली अरबी नावांची वर्षगणना) असतात, तिथे वाचक दमतो. शक्यात चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. लढाईचा दिवस पौष शुद्ध ८, शके १६८२. महिना पौष, पण जानेवारी लागलेला, म्हणून ७९ मिळवून १७६१. शुहूर सन मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि एककापासून वाचायचा असतो : 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ६०० मिळवा, १७६१ आलं. नवशिक्याची चूक ठरलेली असते. सरसकट ७८ मिळवले जातात आणि जानेवारीतली पत्रं अख्खं वर्षभर मागे सरकतात. मग दत्ताजींचा बुराडी घाटावरचा मृत्यू (१० जानेवारी १७६०) १७५९ मध्ये जाऊन पडतो आणि पुढची सगळी कारणपरंपरा विस्कटते.

याच हिशेबात एक लाडकी समजूतही तपासून घ्यावी. 'ऐन संक्रांतीला पानिपत झालं' असं भाषणांतून आणि पुस्तकांतूनही येतं. पण संक्रांत १४ जानेवारीला बांधलेली नाही, ती साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि ती संक्रांतच होती. त्याच्या शंभर वर्षं मागे गेलं की ती १० जानेवारीच्या आसपास पडते. लढाई संक्रांत होऊन गेल्यावरची आहे. ज्या लेखकानं एवढंही पडताळलं नसेल, त्याचे बाकीचे आकडे पेन्सिलीनं खूण करूनच घ्यावेत.

आकड्यांबद्दल बोलायचं तर शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित मराठ्यांचे ५५,००० स्वार आणि १५,००० पायदळ सांगतो, इतिहासकार जदुनाथ सरकार लढवय्ये ४५,००० च्या आसपास धरतात. दोघांत पंचवीस हजारांचं अंतर आहेच. पण खरा गोंधळ होतो तो पुस्तकानं स्वार, पायदळ, पेंढारी आणि बुणगे एकाच बेरजेत घातल्यावर. 'लाखभर सैन्य' असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारावा : यात यात्रेकरू आणि बायकामुलं धरलीत का?

शेजवलकर हे या पाचांतलं सर्वांत मोलाचं पुस्तक आहे. इंग्रजी १९४६ चं, मराठी १९६१ चं. पण ते वाद घालणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे. भाऊसाहेबांची बाजू ते पोटतिडकीनं मांडतात आणि आधीच्या इतिहासकारांशी पानोपानी भांडतात. ते भांडण कोणाशी चाललंय हे माहीत नसलेल्या वाचकाला अर्धं पुस्तक निसटतं. म्हणून ते पहिलं उघडू नये. राजवाड्यांचा खंड (१८९८) सलग वाचायचा नाही. छावणीला रसद आणि पैसा पुरवण्याची जबाबदारी असलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांच्या पत्रव्यवहारातली पत्रं काढून तेवढीच वाचावीत. रसदीची निकड आणि पैशाची ओढाताण त्यांत थेट दिसते. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेल्यावर छावणीचं काय झालं असेल, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

नानांचं आत्मचरित्र एका बैठकीत संपतं. तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते, आई सोबत होती आणि ती त्या पळापळीत हरवली. इतक्या मोठ्या घटनेबद्दल इतकं कमी शब्दांत लिहिलेलं दुसरं काही या विषयात नाही. सुरुवात इथूनच करावी, मग नकाशाचा कागद, मग कादंबरी, मग बुंदेल्यांची पत्रं आणि शेवटी शेजवलकर. बखर मधून मधून, भाषेसाठी.

पानिपतावरचं नवं पुस्तक विकत घेण्याआधी दुकानातच सूची उघडून 'बागपत' शोधा. सूचीच नसेल, किंवा बागपतला एकच पान दिलेलं असेल, तर ते पुस्तक वाचनालयातून आणलेलं बरं.