गिझरचा थर्मोस्टॅट: स्वतः बदलावा, माणूस बोलवावा की गिझरच नवा घ्यावा?

थंडी पडली की गिझरच्या तक्रारी सुरू होतात आणि निदान आधीच ठरलेलं असतं: ‘थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) गेला असणार.’ असेलही. पण पार्ट आणायला धावण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते बघा, कारण कुठला मार्ग परवडेल ते त्यावरच ठरतं. मी इथे भिंतीवरच्या १० ते २५ लिटरच्या इलेक्ट्रिक गिझरबद्दल बोलतोय. गॅस गिझरला घरी हात लावायचाच नाही.

पाणी कढत येतंय, बंदच होत नाही, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत. पाणी गार आणि हीटिंगचा दिवाही लागत नाही, तर थर्मोस्टॅट किंवा त्याच्या शेजारचा कटआउट, म्हणजे पाणी भलतंच तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा भाग. दिवा लागतोय पण पाणी गार, तर बहुधा कॉइल, म्हणजे पाणी तापवणारा भाग. एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) किंवा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) पडत असेल तर संशय कॉइलवर घ्या. थर्मोस्टॅट बदलून पैसे फुकट जातील.

‘पाणी तापायला फार वेळ लागतो’ ही तक्रार जरा फसवी असते. २ किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात. तुमच्याकडे व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरत असेल, तर त्याच कामाला २८ मिनिटं लागतील. दोष गिझरचा नाही, लाइनचा आहे. घड्याळ लावून बघा, मग ठरवा.

आता थर्मोस्टॅटच गेलाय असं धरू. स्वतः बदलण्याच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा असा, की बहुतेक गिझरमध्ये तो पाण्यात बुडालेला नसतो. बंद तोंडाच्या एका कोरड्या नळीत तो सरकवलेला असतो. म्हणजे टाकी रिकामी करायला नको, गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी चकती) काढायला नको. कॉइलचं काम याच्या उलट, तिथे हौशी माणसाने पडू नये. रॉडचा थर्मोस्टॅट असेल तर दोन-चार स्क्रू आणि तीन-चार वायरी एवढंच काम. पार्ट साधारण काही शे रुपयांत मिळतो.

अट मात्र एक आहे, आणि ती कडक आहे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. एमसीबी खाली पाडा, प्लग असेल तर तोही काढा आणि टर्मिनलवर मल्टिमीटर लावून वीज नाही याची खात्री करा. मल्टिमीटर घरात नसेल, किंवा तो कुठे टेकवायचा हे विचारावं लागत असेल, तर निर्णय झाला: माणूस बोलवा. यात कमीपणा काही नाही.

झाकण उघडल्यावर आधी वायरींचा फोटो काढा. रॉड सरळ ओढून बाहेर काढा आणि तोच दुकानात घेऊन जा. लांबी आणि त्यावर छापलेले अँपिअर जुळले पाहिजेत. आतली कांडी आणि बाहेरची पितळी नळी तापल्यावर कमी-जास्त वाढतात आणि त्या फरकावर पॉइंट उघडतो, म्हणून ‘थोडा आखूड चालेल’ हे दुकानदाराचं बोलणं ऐकू नका. आणि जुन्याचं टर्मिनल नीट बघा. काळं पडलंय? प्लास्टिक वितळलंय? मग खरा गुन्हेगार ढिला लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची क्लिप आहे. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, आणि तेवढ्या करंटला ढिला जोड तापतोच. तोच लग नव्या थर्मोस्टॅटला लावलात तर तोही जळेल. लग बदला, जळालेली वायर मागे कापून घ्या.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन हे काम अर्ध्या तासात करतो आणि हात बसलेला असतो. फक्त काम चालू असताना तिथे उभे राहा. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका गिझरचं झाकण उघडलं, तर कटआउटच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून वर काळी टेप मारलेली. जोडणाऱ्याचं म्हणणं, ‘सारखा उडत होता, म्हणून डायरेक्ट केला.’ कटआउट सारखा उडतो याचा अर्थ बहुधा थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाहीये. त्याला डायरेक्ट करणं म्हणजे उकळत्या पाण्याच्या बंद टाकीवरचा शेवटचा पहारेकरी घरी पाठवणं. त्यानंतर उरतो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि तो क्षाराने जाम झालेला असेल तर काहीच नाही. असं सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कंपनीचा माणूस महाग पडतो, तारीखही त्याच्या सोयीची. तरी वॉरंटी शिल्लक असेल तर दुसरा विचार नको. टाकीची वॉरंटी बहुधा बाकीच्या भागांपेक्षा लांब असते, आणि बाहेरच्या माणसाने गिझर उघडला म्हणून ती नाकारली जाऊ शकते. शे-पाचशे वाचवायला टाकीची वॉरंटी पणाला लावू नका. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला फोन.

नवा गिझर? नळाला गंजाचं पाणी येतंय, खालून टाकी पाझरतेय, फ्लँजचे (कॉइल बसवलेल्या तबकडीचे) नट गंजून एकजीव झालेत, यातलं एकही दिसलं तर दुरुस्तीत पैसे घालू नका. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचा थर बसतो, टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा अॅनोडही झिजून संपतो. तो वेळेवर बदलला नाही की गंज टाकीला धरतो. पण टाकी कोरडी ठणठणीत आणि फक्त थर्मोस्टॅट गेलाय, अशा वेळी सहा-आठ हजारांचा नवा गिझर गळ्यात मारणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

कुठलाही मार्ग घेतलात तरी काम झाल्यावर पहिल्यांदा टाकी भरलेली आहे हे गरम पाण्याचा नळ सोडून बघा, मगच वीज द्या. थर्मोस्टॅट ६० च्या आसपास ठेवा आणि दिवा आपोआप विझेपर्यंत बाथरूमच्या बाहेर थांबा. १५ लिटरचा अर्ध्या तासात, २५ लिटरचा साधारण पाऊण तासात विझला नाही तर एमसीबी पाडा आणि पुन्हा झाकण उघडण्याऐवजी फोन करा.