हातकाम शिकवायचंय: बी.एड. की सीआयटीएस?

मुंबईत इंजिनिअरिंग करून पुढे मुलांना हातोडी-करवत, सर्किट, डिझाइन शिकवायचं म्हणणाऱ्यांपुढे दोन वाटा येतात: शाळेतल्या शिक्षकासाठी बी.एड., नाहीतर आयटीआयमधल्या शिक्षकासाठी सीआयटीएस (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम).

बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचं आहे. प्रवेश सीईटीतून. बी.ई.ला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना सूट), आणि नुसता डिप्लोमा असेल तर हा दरवाजा बंदच. फायदा ठसठशीत: माध्यमिक शाळेत रीतसर शिक्षक होता येतं. दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात, तिथे वर्ग सांभाळणं अंगवळणी पडतं. पण अध्यापन पद्धती घ्यायची ती गणिताची किंवा विज्ञानाची. रंधा मारायला कुणी शिकवत नाही. कार्यानुभवाच्या तासाचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊकच आहे, परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची, सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असली तर नशीब: थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सहावी ते बारावीची मुलं.

सीआयटीएस एका वर्षाचं. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत करता येतं. आयटीआय किंवा डिप्लोमावरही प्रवेश मिळतो. इथे स्वतःच्या ट्रेडचं (फिटर, इलेक्ट्रिशियन असा जो असेल त्या व्यवसायाचं) काम आणि ते शिकवण्याची पद्धत, दोन्ही घोटून घेतात. नोकरी मात्र आयटीआयमध्ये शिल्प निदेशकाची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्याची. नववीचा वर्ग हवा असेल तर याचा उपयोग नाही.

डिप्लोमावाल्याने सरळ चुनाभट्टी गाठावी. पदवीधराला शाळाच हवी असेल तर बी.एड., आणि सुतारकाम सुट्टीत एखाद्या वर्कशॉपमध्ये.