सूर्यासारखा तारा की लाल बटू?
कोथरूडच्या गच्चीवर भाचीने विचारलं, “मामा, दुसरी पृथ्वी शोधायची कुठे?”

ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, त्यावरून तो सापडतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर उजेड जेमतेम ०.००८ टक्के घटतो. हॅलोजनसमोर चिलट! शिवाय पुढच्या फेरीसाठी वर्षभर थांबा. ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू, म्हणजे छोटा, मंद तारा, सूर्याच्या साधारण १२ टक्के रुंदीचा. तिथे तीच घट अर्ध्या टक्क्याहून जास्त. त्याचे सात ग्रह २०१७पर्यंत सापडले, आणि त्यातला ‘ई’ सहा दिवसांत फेरी पुरी करतो.

पण हे बटू तापट. ज्वाळा फेकतात, ग्रहाचं वातावरण उडवू शकतात. शोधायला मी बटूच घेईन, राहायला नको.

भाचीचा हिशोब वेगळाच: “म्हणजे दर सहा दिवसांनी वाढदिवस?”